दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

काळाचौकी,
२९ जून २०२५

चि. हितेंद्र यास,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोनवर तात्यांचं नाव निघालं की तू "बरं ताई, ठेवतो" म्हणतोस, म्हणून या वेळी लिहायला बसले. पत्र अर्धवट वाचून बाजूला टाकलंस तरी ते घरात पडून राहील आणि कधीतरी पुरं करशील.

बातमी अशी की आपल्या मंडळाला यंदा पंच्याहत्तर वर्षं होतात. गणपतीच्या आधी, दहा ऑगस्टच्या रविवारी, चाळीच्या पटांगणात कार्यक्रम आहे आणि त्यात तात्यांचा सत्कार. वैभव सांगायला आला होता. तुझ्या आठवणीतला वैभव लेझीम घेऊन मिरवणुकीपुढे नाचणारा; आता मंडळाचा अध्यक्ष आहे, पोट सुटलंय. म्हणाला, "मालनताई, आपला गणपती ज्या चालीवर गेटबाहेर पडतो, ती चाल अख्खी काळाचौकी तात्यांची म्हणून ओळखते. स्मरणिकेत त्यावर एक पान तुम्ही लिहा. कशी सुचली, पहिल्यांदा कधी वाजवली, सगळं."

मी हो म्हटलं. लिहायला बसल्यावर लक्षात आलं की मला त्यातलं काहीच माहीत नाही. कळायला लागल्यापासून ती चाल ऐकतेय. तात्या मांडीवर बेंजो घेऊन ट्रकवर बसलेले, मागे ताशा आणि ढोल, आणि गणपती निघाला की पहिली तीच चाल. पण ती आली कुठून हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारणारा घरात एकटा तू, आणि त्याचं पुढे काय झालं ते आपल्या दोघांना माहीत आहे.

तुझी ती रेकॉर्ड अजून माळ्यावर आहे. तू गुंडाळून आणली होतीस त्याच पेपरात. तुझ्या त्या अमेरिकन गिटारवाल्याची निवडक गाणी, वर पांढऱ्या कोटातला फोटो. हवी असेल तर कळव, कोणाबरोबर तरी शीवला पाठवून देईन.

तात्यांचा गुडघा सोडला तर तब्येत छान आहे. पूर्वीला तिच्या नणंदेनं विचारलंय म्हणून सांग.

तुझी,
ताई


काळाचौकी,
१२ जुलै २०२५

चि. हितेंद्र,

तुझा मेसेज मिळाला. "रेकॉर्ड नको. सत्काराला शुभेच्छा." एवढ्या लांब पत्राला एवढंच उत्तर, पण आलं हे काय कमी आहे.

आता खरं सांगते. मागचं पत्र लिहिलं तेव्हा ती रेकॉर्ड माझी वाजवून झाली होती. ते मी लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर पुढचंही लिहावं लागलं असतं.

वैभव येऊन गेला त्याच आठवड्यातली गोष्ट. तात्या दुपारचे झोपले होते. मी माळ्यावरून रेकॉर्ड काढली आणि दुसऱ्या मजल्यावर रमाकांतांकडे गेले. बँकेतून रिटायर झाल्यापासून त्यांना जुन्या प्लेअरचा नाद लागलाय. तू म्हणशील, हे गाणं मोबाइलवर चुटकीसरशी सापडलं असतं. सापडलं असतं, पण शोधायची इच्छा झाली नाही. तू खोटा ठरलास तर वाईट आणि तात्या खोटे ठरले तर त्याहून वाईट, मग कशाला ऐका, असं चाललं होतं माझं.

रमाकांतांनी तबकडी फडक्यानं पुसली, सुई ठेवली. पहिली बाजू पूर्ण ऐकली. गिटार तुडतुड्यासारखी उड्या मारत होती, मजा वाटली, पण आपल्या चालीशी कशाचाच मेळ नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांच्याकडे चहा मागितला. मग त्यांनी बाजू पालटली. तिसरं गाणं सुरू झालं आणि माझ्या हातातला कप हातातच राहिला. गाणारा गायला लागण्याआधी गिटार जे वाजवते ना, तेच. आपला गणपती गेटमधून बाहेर पडताना जे वाजतं तेच, फक्त दुप्पट वेगात.

तू खरं बोलत होतास. हे तुला कुणीतरी तेव्हाच म्हणायला हवं होतं.

तो दिवस मला सारखा आठवतो. ओट्यावर बेंजो पार्टीची सगळी मंडळी बसलेली, तू गिटार वाजवायला जायचास त्या स्टुडिओतून आलास, पेपर सोडलास आणि सगळ्यांच्या देखत म्हणालास, "तात्या, ही चाल तुमची नाही, या माणसाची आहे. तुम्ही चोरलीत." तात्यांनी मान फिरवली. म्हणाले, "ती वस्तू माझ्या घरात वाजायची नाही." ना त्यांनी खुलासा केला, ना तू ऐकायला थांबलास. बॅग भरलीस ती भरलीसच.

रमाकांतांकडे गाणं संपत आलं तोवर दारात काठीचा आवाज आला. तात्या उठून आवाजाच्या रोखानं जिना चढून आले होते. मला वाटलं, आता इथे रमाकांतांसमोर तमाशा होणार. पण ते आत येऊन खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "परत लाव."

परत लावलं. मग आणखी एकदा लावायला सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यांचे डोळे मिटलेले होते आणि डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर बेंजोच्या पट्ट्या दाबाव्यात तशी चालली होती. गाणं संपल्यावर म्हणाले, "मालन, ही सरोजिनी गो. ही तुझ्या आवशीची चाल. ह्या माणसाकडे कशी?"

पुढचं आज लिहवत नाही.


१४ जुलै

परवाचं पत्र तसंच ठेवलं होतं. त्यालाच जोडून लिहिते.

त्या दिवशी घरी आल्यावर तात्यांनी पाणी मागितलं आणि आपण होऊन बोलायला लागले. मी मध्ये काही विचारलं नाही. जसं आठवतंय तसं लिहिते.

लग्न झाल्यावर आई भाकऱ्या थापताना, कपडे धुताना एक चाल गुणगुणायची. शब्द नसायचे. तात्या तेव्हा नुकते बेंजो शिकत होते. त्यांनी एकदा विचारलं, "कुठली गो ही?" आई हसून म्हणाली, "माझीच." त्यांनी धरून ठेवलं की ती हिचीच, नाहीतर हिच्या गावाकडची असेल. मिलमध्ये तिसऱ्या पाळीत सुद्धा ती चाल त्यांच्या डोक्यात चालू असायची. मग एका वर्षी विसर्जनाला त्यांनी ती बेंजोवर वाजवली. मी सहा-सात वर्षांची असेन, तू कडेवर. लोक वेडे झाले. रात्रभर तीच मागत होते. कोणीतरी विचारलं, "शंकर, कोणी बसवली रे?" आणि तात्या म्हणाले, "मी."

"एक शब्द," तात्या मला म्हणाले. "एकच शब्द बोललो मी. आणि ती वर गॅलरीत उभी होती."

आई भांडली नाही. सकाळी चहा देताना म्हणाली, "माझं नाव नाही सांगितलंत." तात्या म्हणाले, "पुढल्या वर्षी सांगतो." पुढल्या वर्षी नाही सांगितलं. त्याच्या पुढल्याही नाही. आणि त्या सकाळनंतर आई घरात कधी गुणगुणली नाही.

हितेंद्र, तू नेहमी म्हणायचास, आईला गाण्याचं अंग नव्हतं, मला सगळं तात्यांकडून आलं. मीही तसंच समजत होते. मला आठवते ती आई गप्प राहून काम करणारी. ती तशीच असावी असं वाटायचं.

मी तात्यांना विचारलं, मग हितेंद्र बोलला तेव्हा हे का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "तो चोरलीत म्हणाला ना, माका वाटलं, जाण्याआधी ती त्याला सांगून गेली. त्याच्या हातात रेकॉर्ड कसली होती ते मी बघितलंच नाही. मला वाटलं, हा आता सगळ्यांसमोर आवशीचं नाव घेणार." आई जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

म्हणजे तू एका चोरीबद्दल बोलत होतास आणि ते दुसरीच ऐकत होते.

ताई


काळाचौकी,
२७ जुलै २०२५

चि. हितेंद्र,

तुझ्याकडून काही आलं नाही. हरकत नाही.

आईनं हे गाणं कुठे ऐकलं असेल ते शोधायला मी काल गिरगावात जाऊन आले. आई लग्नाआधीपासून तिथल्या खोताच्या वाडीत ब्रिजेटबाईंकडे कामाला जायची, तुला पुसटसं आठवत असेल, नाताळात तिकडून करंज्या यायच्या. ब्रिजेटबाई कधीच गेल्या. त्यांची मुलगी टेरेझा मात्र त्याच घरात आहे, सत्तरीच्या पुढची. मी दारात उभी राहून "सरोजिनीची मुलगी" म्हटलं, तर तिनं आधी मला नीट न्याहाळलं आणि मग म्हणाली, "नाक तिचंच हाय तुजं. ये, बस."

मी रेकॉर्ड पिशवीतून काढून दाखवली. टेरेझा फोटो बघून हसायलाच लागली. "आमच्या लेस्लीकडं हीच होती! माजा भाव. बोटीवर होता, तिकडून घेऊन आला. शनिवारी दुपारी मोठ्यानं लावायचा, मम्मी ओरडायची." आणि आई? "सरोजिनी इथे, ह्या खिडकीपाशी इस्त्री करायची. लेस्लीला सांगायची, तो उड्या मारणारा लाव. नाव कुठं येत होतं तिला. ह्या गाण्याला तर इस्त्री उभी करून ठेवायची आणि ऐकायची. मग दिवसभर तेच तोंडात."

मग टेरेझाला आणखी आठवलं. "पण बरोबर नाय म्हणायची हां ती. शेवटाला आपलंच काहीतरी लावायची. लेस्ली तिला सांगायचा, बाय, खाली जातं ते, वर नाय. तर ती म्हणायची, मला असंच आवडतं. ऐकायची नाय."

मला सूर कळत नाहीत, तुला माहीत आहे. मी घरी येऊन तात्यांना जशीच्या तशी हकिगत सांगितली. ते उठले, पलंगाखालून बेंजो ओढला आणि म्हणाले, "चल रमाकांताकडे." जिना चढायला किती त्रास झाला असेल ते सोड. रमाकांतांनी सुई ठेवायची, तुकडा वाजला की उचलायची, मग तात्यांनी तोच तुकडा बेंजोवर हळू वाजवायचा, असं बराच वेळ चाललं. शेवटी मलाही कळलं. तो गिटारवाला शेवटच्या वळणावर पायऱ्या उतरावं तसा खाली येतो. आपली चाल तिथे वर जाते आणि वरच थांबते. मिरवणुकीत पोरं हात वर करून ओरडतात ती जागा. ती रेकॉर्डवर नाहीच.

तात्यांनी नखी खाली ठेवली. "हां," म्हणाले. "एवढं तिचं." आणि मग रमाकांतांच्या घरात, परक्यासमोर, ते रडले. मी त्यांना रडताना याआधी पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही.

ताई


काळाचौकी,
४ ऑगस्ट २०२५

चि. हितेंद्र,

थोडक्यात लिहिते, स्मरणिका छापायला जायची आहे.

तात्यांनी ठरवलंय की सत्काराला उत्तर देताना सगळं सांगायचं. वैभवला बोलावून तसं सांगितलंही. तो गोंधळून गेला. म्हणाला, "तात्या, गेटवर कमान लागलीय, तात्यांची चाल म्हणून. चार पिढ्यांची माणसं येणार. त्यांना तुम्ही सांगणार की ही अमेरिकेतली आहे? पोरांचा मूड जाईल. कशाला आता? काकी तर राहिल्या नाहीत."

तात्या म्हणाले, "म्हणूनच."

वैभवनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझं पान लिहून तयार आहे, त्यात आईचं नाव आहे, रेकॉर्डचंही आहे, छापायचं तर तसंच छापा. तो बिचारा वाईट नाही. "बघतो" म्हणाला आणि पान घेऊन गेला.

मी तात्यांना सांगितलं की मी तुला सगळं लिहितेय. वाटलं होतं चिडतील. म्हणाले, "त्याला ये म्हणून लिहू नको. यावंसं वाटलं तर येईल. उगाच भीड नको घालू." म्हणून मी ये असं लिहीत नाही. कार्यक्रम सहाला सुरू होईल, आपल्याकडचा म्हणजे सात धर.

ताई


काळाचौकी,
११ ऑगस्ट २०२५

चि. हितेंद्र,

काल गर्दीत मी तुला शोधत होते. दिसला नाहीस. तरी जे झालं ते लिहिते.

पटांगण भरलं होतं, गॅलऱ्यांमध्ये उभं राहायला जागा नव्हती. आधी दोन पुढाऱ्यांची भाषणं, मग शाल, नारळ. तात्यांनी आईनं घेऊन दिलेला पांढरा झब्बा घातला होता. वैभवनं माइक त्यांच्यासमोर धरला. मी त्यांचं कोपर धरून शेजारी उभी राहिले. ते बोलले ते असं:

"तुम्ही माझा सत्कार केलात. पण ही चाल माझी नाही. माझ्या बायकोची, सरोजिनीची. तिनं ती गिरगावात इस्त्री करताना रेकॉर्डवर ऐकली. अमेरिकेतल्या एका काळ्या माणसाची आहे, गिटार वाजवायचा. शेवट मात्र सरोजिनीनं लावला, तुम्ही हात वर करता तो. लोकांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, माझी. तिनं ऐकलं. नंतर माझ्या मुलानं सगळ्यांसमोर खरं सांगितलं, तर मी त्याला घरात ठेवला नाही. एवढंच सांगायचं होतं."

टाळी नाही, काही नाही. वैभव खाली बघत होता. मला वाटलं, चुकलंच, म्हाताऱ्या माणसाला यात उतरवायला नको होतं. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून आपल्या शेजारच्या अनुजावहिनींनी विचारलं, "तात्या, मग सरोजिनीची म्हणून एकदा वाजवता का?"

कोणीतरी बेंजो आणून दिला. तात्यांनी नेहमीच्या वेगात नाही वाजवली. सावकाश, ढोल नाही, ताशा नाही. आई कदाचित अशी गुणगुणत असेल. शेवटच्या जागेला कोणी ओरडलं नाही. बायका मात्र गॅलरीतून वाकून ऐकत होत्या.

माझं पान छापलंय. वैभवनं एक शब्द बदलला नाही, फक्त शुद्धलेखन तपासून घेतलं. अंक सोबत पाठवते.

आता मी काही लिहायची नाही. जे होतं ते सगळं तुझ्यापर्यंत पोचलं.

तुझी,
ताई


शीव,
१४ ऑगस्ट २०२५

ताई,

मी आलो होतो. गेटच्या बाहेर शिवाच्या पानाच्या गादीजवळ उभा होतो, हेल्मेट काढलं नाही. त्यामुळे तुला दिसलो नाही.

तात्यांनी माइकवर "माझी नाही" म्हणावं, हेच मला इतकी वर्षं ऐकायचं होतं. त्या दिवसापर्यंत मनात म्हणत होतो की एकदा ते तसं म्हणाले की झालं. ते म्हणाले, मी ऐकलं, आणि मला अजिबात बरं वाटलं नाही. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, तू त्यांचं कोपर धरून उभी. घरी आलो तर पूर्वीनं विचारलं काय झालं. मी तिला तुझी पत्रं वाचायला दिली.

नंतर गिटार घेऊन बसलो. तू लिहिलंयस ते वरचं वळण वाजवून बघितलं. मी मुलांना गिटार शिकवतो, त्या गाण्याचा शेवट असा करा म्हणून कोणाला सांगितलं नसतं. नियमानं तिथे खालीच यायला हवं. पण वर गेल्यावर काय होतं ते एकदा ऐकलं की खालचं बेचव वाटतं. चाल सापडली म्हणून मी तेव्हा इतका पेटलो होतो की हा फरक कानांवरून गेला. त्याच कानांवर माझं पोट चालतं.

मला आईचा आवाज आठवत नाही, ताई. बोलतानाचा आठवतो, गातानाचा नाही. तात्यांना आठवत असेल. त्यांना विचारायचं आहे की ती कुठल्या पट्टीत गुणगुणायची, आणि श्वास कुठे घ्यायची. हे आता दुसरं कोणी सांगू शकणार नाही.

रविवारी सकाळी येतो. पूर्वीही येईल. त्यांना आधी सांगू नकोस, नाहीतर उजाडल्यापासून गॅलरीत कठड्याला धरून उभे राहतील.

हितेंद्र